डार्लाचे सहा एकर

चिठ्ठ्यांचा रविवार म्हणजे टॉलिव्हरांच्या घरातला भांडणाचा हक्काचा दिवस. मी या घरात लग्न करून आले त्याला एकतीस वर्षं झाली. एकतीस वेळा मी या दिवशी कोंबडी तळली आणि एकतीस वेळा कुणी ना कुणी ताटावरून उठून अंगणात गेलं. पण यंदा माझ्या नवऱ्यानं, रॉयसनं, जेवणाआधीची प्रार्थना व्हायच्या आतच सांगून टाकलं की मंगळवारी गायी न्यायला ट्रक येतोय. एरवी निदान बटाटे वाढून होईपर्यंत तरी आमची माणसं दम धरतात.

तीस गायींतल्या बारा जाणार होत्या. कुरणं करपून गेली होती, हिवाळ्यासाठी रचलेले गवताचे गठ्ठे आम्ही जुलैतच फोडायला काढले होते. नऊ जूनला पाऊस पडला तो शेवटचा. त्यानंतर ढग यायचे, डोंगराच्या माथ्यावर जरा वेळ रेंगाळायचे आणि पलीकडच्या जिल्ह्यात निघून जायचे. मक्याची पानं सकाळी नऊलाच सुरळी होऊन बसायची. म्हणून तर यंदा चिठ्ठ्यांच्या रविवारी टेबलावर कोवळी कणसं नव्हती, आणि कणसांशिवाय हा दिवस म्हणजे काय, तर नुसतं भांडण.

चिठ्ठ्या असतात मचाणांच्या. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू होते, त्या पहिल्या पहाटे कुणी कुठल्या मचाणावर बसायचं ते माझे सासरे होबार्ट, घरात सगळ्यांचे डॅडी, आपल्या टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरवतात. वय ब्याऐंशी, टोपीचं वय त्याच्या निम्मं. सगळ्यांचा डोळा असतो तो ओढ्याकाठच्या मचाणावर, कारण त्याच्या समोर पसरलेत खालचे सहा एकर.

हे सहा एकर माझ्या नणंदेचे, डार्लाचे. कागदावर नाही, तोंडी. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा याच टेबलावर डॅडी म्हणाले होते की बाकी सगळं रॉयस बघतोच आहे, खालचा तुकडा डार्लाला, तिला हवं ते करू दे. डार्ला राहते सव्वा तासावरच्या शहरात, शाळेच्या वाचनालयात काम करते. तिला हवं होतं ते तिनं केलं. दर मे महिन्यात येऊन तिथं हरणांसाठी चवळी आणि ज्वारी पेरायला लागली. गाव हसलं. इकडे हरणांसाठी पेरणारे पुष्कळ आहेत, पण ते शिंगांच्या मापावर डोळा ठेवून पेरतात. डार्ला वर्षाला एक हरीण मारते, फ्रीजरपुरतं, आणि बाकी वर्षभर नुसती बघत बसते.

तर ट्रकची बातमी झाली, प्रार्थना झाली, आणि रॉयसनं बटाट्याचं भांडं पुढे सरकवत दुसरी बातमी दिली.

"उद्या मी खालचं कापून घेतो," तो म्हणाला. "तेवढंच हिरवं उरलंय सगळ्या रानात. बारातल्या निम्म्या तरी वाचतील."

'कापू का?' असं नाही. कापून घेतो.

डार्लाच्या हातातला काटा तसाच राहिला. ती मोठ्यानं बोलणाऱ्यांतली नाही, पुस्तकांत आयुष्य गेलंय. तिच्या गालावर दोन लाल ठिपके येतात, त्यावरून समजून घ्यायचं. ठिपके आले.

तिच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते तिनं मला संध्याकाळी भांडी पुसताना सांगितलं. ती सकाळी सहाला आली होती ती घरी न येता सरळ खाली गेली होती. ओढ्याकाठची माती धरून ठेवते ओल, त्यामुळे चवळी कमरेला लागत होती आणि ज्वारी डोक्याच्या वर. एवढं पीक तिला कधीच आलं नव्हतं. आणि तिला आनंद व्हायच्या ऐवजी काळजी वाटली, कारण कडेच्या एकाही पानाला दात लागलेला नव्हता. एरवी जुलैअखेर हरणं तिची चवळी गुडघ्याएवढी करून ठेवतात. तिला वाटलं, उन्हानं मेली की काय बिचारी. आणि ही काळजी घेऊन ती जेवायला बसलेली, तर भाऊ म्हणतो, कापून घेतो.

रॉयसची सकाळ वेगळी गेली होती. तो गेला होता सोयाबीनच्या कुंपणाकडे. चाळीस एकर सोयाबीन, त्यातल्या डोंगराकडच्या वीसेक ओळींचे नुसते दांडे उरलेले. जंगलात खायला काही उरलं नाही की हरणं शेतात उतरतात, हे काही नवीन नाही. म्हणून तर तीन आठवड्यांपूर्वी त्यानं सगळ्या बाजूंनी विजेची तार ओढली होती. टेसानं, आमच्या मुलीनं, तसं सुचवलं होतं. ती जिल्ह्याच्या शेतकी कचेरीत काम करते आणि बापाला सल्ला देऊन वर त्याच्याकडून तो पाळून घेऊ शकते, अशी जगात ती एकटीच आहे. तारेला जागोजागी चांदीच्या कागदाच्या पट्ट्या लावायच्या आणि पट्ट्यांना पीनट बटर फासायचं. हरीण वासानं येतं, चाटतं, जिभेला झटका बसतो. एकदा बसला की ते हरीण त्या शेताचं नाव काढत नाही.

फासायचं काम माझं. एक दिवसाआड सकाळी पोरं खांद्याला दप्तर लावतात तशी मी पिशवी लावायची आणि दीड मैल चालत बटर फासायची. आठवड्याला तीन मोठे डबे. दुकानातल्या बाईनं मला दोनदा हळूच विचारलं, घरी पाहुणे आलेत का. आणि एवढं करून हरणं सोयाबीन खातच होती. रॉयसचं म्हणणं, यंदाची हरणं निगरगट्ट झालीत.

आता टेबलावर त्यानं तेच काढलं. म्हणाला, हरणं इतकी माजली ती डार्लामुळे. ती पंगत घालते म्हणून ती इथं राहतात, आणि पंगत तिथं सोडून जेवतात माझ्याकडे. डार्ला म्हणाली, माझ्याकडे तर यंदा एक पान खाल्लेलं नाही. रॉयस म्हणाला, अर्थातच, सोयाबीन मिळत असताना तुझी चवळी कोण खातंय.

डॅडींनी आधी मुलीची बाजू घेतली. दिलं ते दिलं, म्हणाले, तो तुकडा तिचा आहे. रॉयसनं मग गायींची नावं घ्यायला सुरुवात केली. आमच्या निम्म्या गायी सासूबाईंनी आणलेल्या एका तांबड्या कालवडीच्या वंशातल्या आहेत, आणि ती नावं ऐकताना म्हाताऱ्याचा चेहरा उतरत गेला. पाचव्या नावाला ते फिरले. म्हणाले, हरणं काय, कुठंही चरतील, गुरं आधी. मी माझ्या नवऱ्याच्या बाजूला होते ते केवळ सवयीनं. टेसा आत्याच्या बाजूला होती. पण मग तिनंच मध्ये काढलं की दुष्काळात ताणलेल्या ज्वारीच्या बुडात विष साठतं, तपासल्याशिवाय ती गुरांना घालताच येणार नाही. तेव्हा बाप म्हणाला, घाबरवू नकोस. आत्या म्हणाली, म्हणजे तपासलं की घालता येईल, असंच ना? दोघंही एकदम तिच्यावर उलटले. पोरीनं टोमॅटोच्या चकत्यांचं ताट पुढ्यात ओढलं.

मग डार्लानं रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला.

"रॉयस, चार वर्षांत तू एकदाही खाली आला नाहीस," ती म्हणाली. "एकदाही विचारलं नाहीस, काय पेरलंस, कसं आलंय. आज पहिल्यांदा त्या शेताचं नाव काढलंस ते मला कळवायला. विचारायला नाही, कळवायला. कापून घे. सगळंच घे. माझी चिठ्ठीसुद्धा टाकू नका."

ती उठून गाडीकडे निघाली. पुन्हा येणार नव्हती, हे तिच्या पाठीवरून दिसत होतं. सासूबाई गेल्यापासून या घरात मला बरोबरीची बाई म्हणून तीच एक होती, फोनवर का होईना. मी पीच फळं घालून भाजलेल्या पायचं भांडं उचललं आणि मागे पळाले. रागावलेल्या माणसाला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही एवढं मला कळतं. बाकी काय बोलायचं ते सुचलं नव्हतं.

गाडी तिनं सावलीसाठी गोठ्यापलीकडे लावली होती. वाट गोठ्यातूनच जाते. आत आमचा म्हातारा कुत्रा मेजर सिमेंटवर ऐसपैस पसरला होता, आणि त्याच्या तोंडासमोर मोठा पंखा भर वेगानं चालू होता. कान वाऱ्यावर उडत होते. सबंध जिल्ह्यात त्या दिवशी त्याच्याइतकं सुखी कोणी नसेल.

डार्ला त्याला थोपटायला थांबली. निरोप घ्यायला असेल. आणि वाकली असताना तिला भिंतीजवळ लोंबणारी एक वायर दिसली.

"नेल्डा," तिनं मला विचारलं, "हा प्लग कशाचा गं?"

मी वायर हातात धरून मागोमाग गेले. वायर खांबावर चढली, खांबावरून एका पिवळ्या डबीत गेली, आणि पिवळ्या डबीतून बाहेर, सोयाबीनच्या तारेकडे. गोठ्यात प्लग लावायची जागा एकच आहे. त्यात पंख्याचा प्लग होता.

मला कळायला दोन क्षण लागले. मग सगळं एकदम कळलं. मी पायचं भांडं मांडीवर घेऊन गवताच्या गठ्ठ्यावर बसले. तीन आठवडे. नऊ डबे. मी हरणांना दिवसाआड ताजं पीनट बटर वाढत होते, चांदीच्या ताटात, आणि झटका म्हणून काही नव्हतंच. ती चाटत होती, मग जेवणावर फळ खावं तसं सोयाबीन खात होती. डार्लाच्या चवळीला यंदा दात का लागला नाही, तेही आलंच त्यात. एवढी मेजवानी वर चालू असताना खाली ओढ्यावर उतरायचं कशाला त्यांनी?

आधी डार्ला हसली. मग मी हसले. मग आम्हाला थांबताच येईना. पीचच्या पायमध्ये माझा अंगठा गेला होता आणि डार्लाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते नुसतं हसण्याचं नव्हतं, हे मला दिसत होतं, पण हसणंही होतंच.

दारात डॅडी उभे होते, टोपी हातात. टोपीत चिठ्ठ्या. मुलीला परत बोलवायला आले असावेत. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं.

"मेजरला उकडत होतं," ते म्हणाले.

कधीपासून काढलंय, मी विचारलं. तार ओढली त्या दिवसापासून, ते म्हणाले. म्हणजे एक दिवसही चालू नव्हती? डॅडी खोटं बोलत नाहीत, तो त्यांचा स्वभावच नाही.

"पहिल्या दिवशी सकाळी होती," ते म्हणाले. "अर्धा तास."

आता मला आठवलं. बटर फासायला जाण्याआधी मी दर वेळी ओट्यावरून ओरडून विचारायची, डॅडी, तार बंद आहे ना? आणि ते दर वेळी ओरडून सांगायचे, बंद आहे, बंद आहे. खरंच सांगत होते. परत आल्यावर चालू करा म्हटलं की हो हो म्हणायचे. त्यांच्या मनात असायचं, पंखा जरा वेळानं काढू. मग त्यांना डुलकी लागायची. रॉयस कधी विचारायला आलाच, तर तार तपासायलाही डॅडींनाच सांगायचा.

मी म्हणाले, आपण तिघं गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही. मनापासून म्हणाले. माझा नवरा चांगला माणूस आहे, पण चाळीस एकरांतल्या वीस ओळी आणि तीन आठवड्यांचा घाम म्हणजे थोडं नाही. आणि हरणांना बोल लावून तो बहिणीशी जे बोलला होता, ते आता त्याच्याच अंगावर उलटणार होतं. म्हातारा मात्र मान हलवत टोपी घालायला गेला. टोपीत चिठ्ठ्या आहेत हे लक्षात आलं, तशी पुन्हा हातात घेतली आणि अंगणात निघाला. आम्ही दोघी मागून.

रॉयस ओट्याच्या पायरीवर बसला होता. डॅडी त्याच्यासमोर सरळ उभे राहिले आणि सगळं सांगितलं. पंखा, मेजर, प्लग, अर्धा तास. एक शब्द गाळला नाही. मी इतकी वर्षं त्यांना बघतेय, पण त्या दिवशी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

रॉयस नंतर मला म्हणाला, त्याला आधी ओरडायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण समोर ब्याऐंशी वर्षांचा बाप हातात टोपी धरून उभा, आणि मागून मेजर उन्हात पंखा सोडून मालकाच्या पायाशी येऊन बसलेला. कुणावर ओरडणार? मग त्याच्या डोक्यात हिशेब जुळला. हरणं त्याच्या सोयाबीनवर पोसली म्हणून डार्लाची चवळी वाचली.

"म्हणजे एका अर्थी तो चारा माझाच..." त्यानं सुरुवात केली.

मी त्याच्या पायावर पाय दिला. टाच लावूनच दिला.

टेसा मध्येच म्हणाली की कचेरीतली तपासायची बाटली तिच्या गाडीत आहे, विष आहे की नाही ते दहा मिनिटांत कळेल. ती तेवढ्यासाठीच घेऊन आली होती, आधी सांगायचं धाडस झालं नव्हतं. डार्लानं गाडीची किल्ली मुठीत धरली होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पण टेसा खाली निघाली तेव्हा तीही निघाली, शेत तिचं होतं. मग आम्ही सगळेच निघालो, मेजरसकट.

वर सगळं पिवळं, वाटेवरची धूळ घोट्यापर्यंत, आणि ओकांच्या रांगेपलीकडे उतरलं की एकदम गार. मी स्वतः दोन वर्षांत तिथं गेले नव्हते, खोटं कशाला बोलू. चवळीला जांभळी फुलं लागली होती, त्यांवर मधमाश्यांचा नुसता गलका. ज्वारी डॅडींच्या टोपीच्याही वर गेलेली. रॉयस कडेला थांबला. मग दोन पावलं आत गेला, एक वेल हातात घेतला, मूळ बघितलं, माती चिमटीत चुरली. शेतकरी आहे तो, त्याला लपवता येत नाही.

टेसानं पाच ठिकाणची ज्वारीची ताटं मुळापासून उपटली, चाकूनं उभी चिरली आणि वरपासून खालपर्यंत थेंब थेंब सोडत गेली. विष असलं की थेंब निळा होतो. आम्ही सगळे वाकून बघत होतो. शेंड्याला काही नाही. मध्यावर काही नाही. खाली आल्यावर एकदम शाईसारखा गडद निळा. पाचही ताटांत तेच. टेसानं वीत लावून मोजलं. जमिनीपासून वीतभर निळं, त्याच्या वर स्वच्छ.

"यंत्र वीतभरापेक्षा वर धरून कापलं तर चालेल," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही नेहमी खरवडून कापता. तसं कापलं असतंत, तर ट्रक मागवायचं कामच उरलं नसतं."

रॉयसचा चेहरा पांढरा पडला. उद्या तो तेच करणार होता, चारा जास्त मिळावा म्हणून अगदी जमिनीला टेकवून. बारा काय, तीसही गेल्या असत्या. तो त्या निळ्या डागापाशी गुडघे टेकून बसला.

मग उठला, गुडघे झटकले आणि बहिणीकडे वळला. काय बोलायचं ते त्यानं बहुतेक तीनदा मनात जुळवलं असेल, कारण आवाज त्याचा नेहमीचा नव्हता.

"डार्ला, फार छान आणलंयस तू हे," तो म्हणाला. "मला चारा लागतोय. तू सांग, काय करायचं?"

डॅडी दुसरीकडे बघू लागले. मीही. डार्लानं घाई केली नाही, याचं मला बरं वाटलं. चार वर्षं वाट बघितली होती तिनं, आता भावानं जरा बघावी. ती शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होती. हे तिनं कुणासाठी पेरलं होतं, तेही मला ठाऊक होतं. सासूबाई आणि ती ओढ्याकाठच्या मचाणावर हरणं बघत गप्प बसून राहायच्या, तासन् तास.

"ओढ्याकडचे दोन एकर उभे राहतील, हरणांसाठी," ती म्हणाली. "चार कापायचे. पाऊस आला की तिथं मी सलगम पेरणार, तेव्हा पेरणीयंत्र तू द्यायचंस. आणि कापणार मी. तू नाही."

चार एकरांवर, पेरणीयंत्रावर रॉयस मान हलवत गेला. शेवटच्या वाक्याला थांबला. त्याच्या ट्रॅक्टरवर तो मलासुद्धा बसू देत नाही. मी एकदा, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, फाटकाचा खांब पाडला होता, ते अजून निघतं. पण त्यालाही त्यानं मान हलवली.

चिठ्ठ्या तिथंच सावलीत काढल्या. ओढ्याचं मचाण टेसाला लागलं, आणि डॅडींना मिळालं ते रस्त्याकडचं, जिथून फक्त टपालाची गाडी दिसते. त्यांनी तक्रार केली नाही. त्या दिवशी करण्याच्या परिस्थितीत नव्हते ते.

सोमवारी डार्लानं वाचनालयात फोन करून आठवड्याची रजा घेतली. उरलेला दिवस रॉयस शेताच्या कडेकडेनं चालत होता, पहिल्यांदा पोहायला सोडलेल्या पोरामागे आई काठावरून फिरते तसा. ती वळणावर जरा कलली की हात वर करायचा, मग कुणी बघत नाहीसं पाहून खाली घ्यायचा. तिनं एक खांब पाडला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

मंगळवारी सकाळी आठला लॉयल मॅबरीचा ट्रक वाट उतरून आला. लॉयल गुरं नेतो, बोलतो कमी, तंबाखू चघळतो जास्त. ट्रकला नको सांगणारा फोन रॉयसनं का केला नाही, हे मी त्याला आदल्या दिवशी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा त्याला मध्येच काहीतरी काम निघालं होतं. आता तो फाटकावर हात टेकून उभा होता. लॉयलनं विचारलं, कुठल्या बारा?

रॉयसनं हनुवटीनं शेताकडे खूण केली. "तिला विचार," तो म्हणाला. "चारा तिचा आहे."

मी अंड्यांची टोपली घेऊन तिथंच थांबले. एकतीस वर्षांत हे वाक्य मी या माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि कोंबड्या काही कुठं जात नव्हत्या.

डार्लानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. केसांत चवळीची पानं, नाक उन्हानं सोललेलं. लॉयलनं आपली टोपी जराशी उचलली आणि विचारलं. रॉयस हसू दाबत होता. त्याला वाटत होतं, आता ती म्हणणार, रिकामा जा. मलाही तेच वाटत होतं.

"तीन न्या," डार्ला म्हणाली.

रॉयसचं हसू गेलं. तिनं खिशातून कागद काढला, टेसाबरोबर बसून मांडलेला. कापलेला चारा बारांना सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पुरेल, ती म्हणाली, आणि नऊंना ऑक्टोबरपर्यंत. पाऊस कधी येईल ते तिला माहीत नाही आणि रॉयसलाही नाही. बाराही ठेवल्या तर सप्टेंबरात बाराही विकाव्या लागतील, आणि तोवर त्यांची हाडं निघालेली असतील. मग तिनं तीन गायी सांगितल्या. दोन ठीक होत्या. तिसरी होती पर्ल, चौदा वर्षांची, दोन वर्षं वासरू नाही. सासूबाईंच्या तांबड्या कालवडीची नात.

"ती आईची आहे," रॉयस म्हणाला.

"माझीही आई होती ती," डार्ला म्हणाली.

लॉयल तंबाखू चघळायचं थांबला. रॉयसनं फाटकावरचे हात काढून घेतले आणि नुसता उभा राहिला. तो आता काय करेल हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि मी त्याच्याशेजारी रोज झोपते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं ते पुसलंही नाही. पर्लचा हिशेब त्यालाही कळत होता, दोन वर्षांपासून कळत होता, त्याच्यानं होत नव्हतं एवढंच. बहिणीनं ते त्याच्या अंगावरचं ओझं उचललं होतं आणि तिला ते हलकं गेलं नव्हतं.

तो आत गेला आणि तिघींना स्वतः घेऊन आला. पर्लच्या कपाळावर हात ठेवून तो तिच्याशी काहीतरी बोलला. डार्ला पलीकडून चालत होती, दुसरा हात पर्लच्या पाठीवर. फळी चढून गाय आत गेली तेव्हा दोघं भावंडं खाली शेजारी शेजारी उभी होती. ट्रक गेल्यावरही तशीच उभी राहिली, धूळ बसेपर्यंत.

मग रॉयसनं नाक शिंकरलं, टोपी नीट केली आणि बहिणीकडे पाहिलं.

"आता काय करू?" त्यानं विचारलं.

"काल कापलेलं वरून वाळलंय," डार्ला ट्रॅक्टरवर चढत म्हणाली. "उलटवायला घे. आणि सावकाश चालव, चवळीची पानं झडतात."

माझ्या नवऱ्याला आजवर कुणी ट्रॅक्टर सावकाश चालव म्हणून सांगितलेलं नाही. बापानं नाही, मी तर नाहीच नाही. तो बरं म्हणाला आणि दुसरा ट्रॅक्टर काढायला गेला.